१९७६ ची लेस पॉल डिलक्स: ब्रिजचा पिकअप बदलू, दुरुस्त करू, की गिटार कापू?

कोपरी_पूल

नमस्कार मंडळी. इथे गिटार वाजवणारेही आहेत आणि सोल्डरिंगचा धूर खाल्लेलेही आहेत, म्हणून इथेच विचारते. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मामाची लेस पॉल (गिब्सन कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) माझ्याकडे आली आहे. तो मर्चंट नेव्हीत होता. न्यूयॉर्कला बोट लागली असताना मॅनहॅटनच्या ४८व्या रस्त्यावरच्या वाद्यांच्या दुकानातून त्याने ती घेतली. पुढे काही वर्षं गिरगावातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजली, मग केसमध्ये बंद होऊन कपाटावर गेली ती गेलीच. मामा आता गुहागरला असतो, बोटं आखडतात म्हणतो. "तुझ्याकडे राहू दे, निदान तारा तरी बदलल्या जातील" म्हणून गणपतीत माझ्या हातात दिली.

गिटार सोनेरी आहे, पाठीला थोडी खरवडलेली. ट्रस रॉडच्या झाकणावर 'डिलक्स' लिहिलंय. हेडच्या मागे नंबराचं स्टिकर आहे, ०० ने सुरू होणारं. पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारे भाग) नेहमीच्या लेस पॉलपेक्षा लहान आहेत, वर क्रोमचं झाकण, भोवती क्रीम रंगाची प्लॅस्टिकची चौकट.

दुखणं असं: नेकचा (मानेजवळचा) पिकअप वाजतो, पण आवाज गढूळ, पांघरुणाखालून आल्यासारखा. ब्रिजचा (तारा बॉडीवर टेकतात तिथला) तर अगदीच बारीक आणि पातळ. वाजतो, पण जीव नाही, आणि गुणगुण मात्र जास्त. कोणता पिकअप वाजावा ते ठरवणारा सिलेक्टर स्विच क्लीनर मारून साफ केला, फरक शून्य.

इथल्या एका दुरुस्तीवाल्यांना दाखवली. ते म्हणाले, हे छोटे पिकअप आता मिळत नाहीत, राउटरने खाच मोठी करू आणि फुल साइज हंबकर (दोन कॉइलींचा पिकअप) बसवू, संध्याकाळपर्यंत काम होईल. मी "विचार करून सांगते" म्हणून गिटार उचलून घरी आणली.

मी ब्लूज, थोडं रॉक आणि जुनी हिंदी गाणी वाजवते. बहुतेक घरीच, छोट्या अँपवर. विकायची अजिबात नाही. काय करू?

अर्धा_कप_चहा

आधी फोटो टाका. सोनेरी लेस पॉलचं नुसतं वर्णन वाचायला लावणं हा अन्याय आहे.

मिशिगनकर

ताई, उचलून आणलीत ते फार बरं केलंत.

तुमची गिटार १९७६ ची. त्या दोन-तीन वर्षांत गिब्सनने नंबर स्टिकरवर दिले, ९९ म्हणजे १९७५, ०० म्हणजे १९७६, ०६ म्हणजे १९७७. मामांच्या बोटीच्या तारखांशी ताडून बघा.

आता त्या छोट्या पिकअपबद्दल. गिब्सनने १९५७ मध्ये एपिफोन कंपनी विकत घेतली आणि पुढे एपिफोनच्या गिटारींसाठी हा मिनी हंबकर वापरला. १९६९ साली लेस पॉल डिलक्स काढली तेव्हा तोच पिकअप तिच्यात आला. पण सोनेरी लेस पॉलच्या बॉडीला खाच होती ती जुन्या पी-९० ची, म्हणजे गिब्सनच्या एका कॉइलच्या पिकअपची. नवी खाच पाडत बसण्यापेक्षा त्यांनी पी-९० च्या प्लॅस्टिकच्या झाकणाला मध्ये भोक पाडलं आणि त्यात मिनी हंबकर बसवला. तुम्ही जिला क्रीम रंगाची चौकट म्हणताय ते म्हणजे तेच झाकण.

म्हणजे तुमच्या गिटारला पी-९० च्या मापाची खाच आहे. त्यात मिनी हंबकर बसतो, पी-९० बसतो, आणि पी-९० च्या मापात केलेले हंबकरही बसतात. एवढे पर्याय लाकडाला हात न लावता आहेत. "मिळत नाहीत" हे तर साफ चूक. लॉलर, सीमोर डंकन हे पिकअप बनवणारे करतात, स्वतः गिब्सननेही पुन्हा काढलेत.

फुल साइज हंबकर खाचेपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच रुंद असतो, आणि म्हणूनच घात होतो. "थोडंसंच तर कापायचंय" म्हणून ७० च्या दशकात शेकडो डिलक्स कापल्या गेल्या, कारण लोकांना फुल साइज हंबकरची 'स्टँडर्ड' लेस पॉल हवी होती आणि ती १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत कॅटलॉगात नियमित नव्हती. आज कापलेली डिलक्स न कापलेलीपेक्षा बरीच स्वस्त जाते. तुम्हाला विकायची नाही, ठीक. पण कापलेलं लाकूड तुमच्या भाचीलाही परत मिळणार नाही.

अवांतर: माझ्या घरापासून कलामाझू शहर दोन तासांवर आहे. पार्सन्स स्ट्रीटवरची गिब्सनची जुनी फॅक्टरी आणि तिची चिमणी अजून उभी आहे. गिब्सनने १९८४ मध्ये तिथून गाशा गुंडाळला, तेव्हा मागे राहिलेल्या काही कारागिरांनी १९८५ मध्ये त्याच इमारतीत हेरिटेज नावाने गिटारी करायला सुरुवात केली.

डेसिबल_डोंबिवली

मी विरुद्ध पार्टीत. गिटार वाजवायला असते, लॉकरात ठेवायला नाही. ही काही १९५९ ची दुर्मिळ 'बर्स्ट' लेस पॉल नाही, नॉर्लिन कंपनी गिब्सनची मालक होती त्या काळातली डिलक्स आहे. 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडने स्वतःच्या डिलक्समध्ये मधोमध भोक पाडून तिसरा पिकअप बसवला, तोही डिमार्झिओ कंपनीचा. त्याला कोणी नाही म्हणालं का? मिनी हंबकर म्हणजे ना धड सिंगल कॉइल, ना धड हंबकर. कापा आणि डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन हंबकर टाका.

मिशिगनकर

टाउनशेंड स्टेजवर गिटारी आपटून फोडायचा हो. त्याचा दाखला मामाच्या गिटारला नको.

मडगांवकार

सोनेरी डिलक्स! आमच्याकडे लग्नांत वाजवणाऱ्या एका बँडवाल्याकडे होती, वाइन रेड. त्या छोट्या पिकअपचा आवाज मिक्समध्ये असा काही वर यायचा की ट्रंपेटवाला वैतागायचा. जाड हंबकर बासच्या अंगावर जाऊन पडतो, हा नाही पडत. थिन लिझी या रॉक बँडच्या स्कॉट गोरहॅमने सुरुवातीची वर्षं डिलक्सच वाजवली, तेव्हा "ना धड" वगैरे म्हणू नये बाब्या.

एक सांगतो. समुद्राजवळ राहिलेली गिटार असेल तर आधी आत बघ. खारी हवा पिकअपच्या बाहेर दिसत नाही, आत जाऊन बसते.

जुना_ट्रान्झिस्टर

कोणता पिकअप घ्यावा यावर मतं येत राहतील. आजचा पिकअप मेला आहे का, हे मात्र कोणीच विचारलेलं नाही.

कोपरी_पूल, मल्टिमीटर आहे का? नसेल तर लॅमिंग्टन रोडवर साधा घ्या, पुढेही लागेल. मग असं करा. गिटारला केबल लावा, दुसरं टोक मोकळं. मीटर रोधावर, २०० किंवा २००० किलो ओहमच्या रेंजवर. एक टोक जॅकच्या टोकाला, दुसरं दांड्याला. व्हॉल्यूम आणि टोन चारही पूर्ण उघडे. सिलेक्टर आधी नेकवर, मग ब्रिजवर. दोन आकडे इथे लिहा. गिटार उघडायची गरज नाही.

अर्धा_कप_चहा

हे म्हणजे डॉक्टरांनी आधी ताप मोजायला सांगितला. वाचनखूण साठवली आहे.

कोपरी_पूल

शेजारच्या इलेक्ट्रिशियन काकांचा मीटर आणला. नेक: ६.४ किलो ओहम. ब्रिज: २८७ किलो ओहम. दुसरा आकडा चुकला असं वाटून पुन्हा पुन्हा बघितला, तोच येतोय.

जुना_ट्रान्झिस्टर

आकडा बरोबर आहे, आणि त्याने एकदम दोन गोष्टी सांगितल्या.

पिकअप आणि व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) विजेच्या दृष्टीने समांतर जोडलेले असतात. पिकअप धडधाकट असेल तर मीटरला पिकअपचाच आकडा दिसतो, कारण तो पॉटपेक्षा खूपच लहान. मिनी हंबकरला साडेसहाच्या आसपास अपेक्षित आहे, तुमचा नेकचा ६.४ म्हणजे ठणठणीत. ब्रिजला मात्र मीटरला पिकअप दिसलाच नाही, नुसता पॉट दिसला. म्हणजे कॉइलची तार कुठेतरी तुटली आहे. तरीही बारीक आवाज येतो, कारण तुटलेल्या दोन टोकांमधून वरच्या कंपनांचा थोडा अंश धारितेमुळे उडी मारून जातो. पातळ आवाज आणि जास्त गुणगुण हे त्याचंच लक्षण.

दुसरी गोष्ट म्हणजे पॉट स्वतः ३०० किलोचा आहे. पॉटमध्ये दहा-वीस टक्के इकडेतिकडे चालतं, तेव्हा २८७ म्हणजे ३००. गिब्सनने त्या काळात बऱ्याच गिटारींत व्हॉल्यूमला ३०० आणि टोनला १०० किलोचे पॉट टाकले होते. नेकचा आवाज गढूळ का, याचं उत्तर बहुधा इथे आहे.

मागचं झाकण उघडा. काही तोडू नका, फक्त पॉटच्या पाठीवरचे आकडे वाचा, आणि टोनच्या पॉटच्या दोन्ही बाहेरच्या पायांमध्ये मीटर लावा.

डेसिबल_डोंबिवली

ओके, हे मस्त होतं. माझी पार्टी तात्पुरती तहकूब.

कोपरी_पूल

उघडलं. आत पत्र्याची डबी आहे, तिच्यात चारही पॉट बसवलेत. पाठीवर १३७७६०४ असा आकडा, दोनांवर ७६०२ आहे. टोनचे पॉट ९६ आणि १०३ किलो. सोल्डरला कोणी हात लावलेला वाटत नाही, एकसारखा आणि धुरकट आहे.

मिशिगनकर

१३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७६ साल, चौथा आठवडा. नंबराच्या स्टिकरशी जुळतं. सोल्डरही मूळचा दिसतोय. अशा गिटारीत आतली वायरिंग शाबूत असणं हे सोनेरी रंगापेक्षा दुर्मिळ.

जुना_ट्रान्झिस्टर

आता हिशोब बघा. पिकअपवर व्हॉल्यूम आणि टोन दोन्हींचा भार पडतो. तीव्र स्वरांच्या बाबतीत टोनचा कपॅसिटर जवळजवळ सरळ तारेसारखा वागतो, म्हणून दोन्ही पॉट समांतर धरायचे. ३०० आणि १०० समांतर म्हणजे ७५ किलो. ५०० आणि ५०० समांतर म्हणजे २५०. तुमच्या पिकअपवर तिप्पटीहून जास्त भार आहे. पिकअपचा जो स्वतःचा चढ असतो, साधारण कानाला 'धार' वाटते तो, या भाराखाली सपाट होतो. स्विच मध्यावर ठेवला की दोन्ही पिकअपचे चारही पॉट एकत्र येतात, भार आणखी वाढतो.

खात्री हवी असेल तर नेकच्या टोन पॉटकडे जाणारी तार एका बाजूने सोडवा आणि वाजवून बघा. आवडलं नाही तर परत जोडा. पिकअपवर पैसे टाकण्याआधी हा प्रयोग फुकटात होतो. नवे पिकअप विकत घेऊन त्याच ७५ किलोत घालणारे आणि मग "नाव मोठं लक्षण खोटं" म्हणून रागावणारे लोक मी पाहिले आहेत.

कोपरी_पूल

तार सोडवली. अहो, ही दुसरीच गिटार आहे! वरच्या तारांना एकदम काठ आला. मोकळी ई वाजवली आणि आई आतल्या खोलीतून "काय केलंस" म्हणून बघायला आली.

म्हणजे नेकचा पिकअप बदलायचाच नाही. राहिला ब्रिज. मामाशी फोनवर बोलले, तर त्याने वेगळाच बॉम्ब टाकला. म्हणाला, "त्या वेळी डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन सगळीकडे गाजत होता. पुढच्या फेरीत आणून बसवणारच होतो. बोट न्यूयॉर्कला परत गेलीच नाही, नाहीतर मीच कापून घेतली असती." आता बोला.

डेसिबल_डोंबिवली

मामा माझ्या पार्टीचे!!! तहकुबी रद्द.

मिशिगनकर

मामांचा मुद्दा त्या काळाला धरून आहे. सुपर डिस्टॉर्शन १९७२ चा, बदलून बसवायचा पिकअप म्हणून बाजारात आलेला पहिला गाजलेला हंबकर. तोपर्यंत अँपला जोरात ढकलायचं तर फार मार्ग नव्हते. म्हणून गरम पिकअप. आज ते काम पायाने दाबायची शंभर इफेक्ट पेडल करतात. मामांना जो आवाज हवा होता तो ताईंना पायाने मिळेल, लाकडातून काढायची गरज नाही. आणि अगदी हवाच असेल तर पी-९० च्या मापात जोरकस हंबकर डिमार्झिओकडेच आहेत.

मडगांवकार

माझं मत पी-९० ला. खाच त्याचीच आहे, मूळ नवऱ्याला घर परत दे. ब्लूज वाजवतेस ना? मग दुसरा विचार नको. गिब्सनचा १९४६ पासूनचा पिकअप आहे, अजून कोणी त्याला म्हातारा म्हणत नाही.

जुना_ट्रान्झिस्टर

पी-९० सुंदर आहे, पण तो सिंगल कॉइल आहे आणि ताई ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाजवतात. आपल्याकडे भिंतीत पंख्याचे रेग्युलेटर, एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, कोपऱ्यात इन्व्हर्टर, आणि निम्म्या घरांत अर्थिंग नावापुरतं. पी-९० हे सगळं इमानाने ऐकवतो. वाजवताना कळत नाही, दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत कळतं, आणि डिस्टॉर्शन लावलं की शांतताच राहत नाही.

घेण्याआधी एक करा. कोणाची सिंगल कॉइल गिटार मागून आणा, नेहमीच्या जागी बसा, पंखा दोनवर ठेवा, अँप चालू करा. खुर्ची फिरवून आवाज कुठे कमी होतो बघा. तेवढं सहन होत असेल तर पी-९० घ्या. नसेल तर लिंडी फ्रालिन गुणगुण मारणारा पी-९० करतात, तोही विचारात घ्या.

आणि जाता जाता: तारांना हात लावल्यावर गुणगुण थांबते ती नेहमीची. तारांना आणि माइकला एकदम हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि काकांना अर्थिंग बघायला सांगा. हा विनोद नाही.

अर्धा_कप_चहा

भांडुपला आमच्याकडे पंख्याच्या मोटरी वाइंडिंग करणारे एक काका आहेत, कसलेही वाइंडिंग करून देतात. मेलेली कॉइल त्यांच्याकडेच देऊ या का? तांब्याची तार ती तांब्याची तार.

जुना_ट्रान्झिस्टर

नको. पिकअपची तार ४२ गेजची, म्हणजे जेमतेम ०.०६ मिलिमीटर. बहुतेकांच्या केसापेक्षा बारीक. पंख्याची तार तिच्या कित्येक पट जाड असते, त्यांचं यंत्र आणि हाताचा ताण त्या तारेला घडवलेला आहे. ही तार त्या ताणाला श्वास घेताच तुटेल.

पण दुरुस्तीचा मुद्दा बरोबर काढलात. हंबकरमध्ये दोन कॉइली असतात, एकामागोमाग एक जोडलेल्या. बरेचदा तार मध्येच कुठेतरी तुटत नाही, तर जिथे ती केसासारखी तार बाहेरच्या जाड वायरला सोल्डर केलेली असते तिथे तुटते. सोल्डरिंगचा फ्लक्स आणि दमट हवा मिळून त्या जागी हिरवा गंज धरतो. तिथेच असेल तर नवीन वाइंडिंग लागत नाही, एक सांधा नीट करून पिकअप जिवंत होतो. क्रोमचं झाकण दोन ठिकाणी खाली झाळलेलं असतं. त्याला ६०-८० वॉटची सोल्डरिंगची इस्त्री लागते, मोबाइलवाल्यांची २५ वॉटची टेकवत बसलात तर उष्णता आत पसरून बॉबिन (तार गुंडाळलेली प्लॅस्टिकची रीळ) वितळेल. हाताला सवय नसेल तर हे सवय असलेल्याकडून करून घ्या, तुम्ही समोर बसा.

कोपरी_पूल

पुढची बातमी. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये एक ओळखीचे सर आहेत, त्यांच्याकडे गेले. पॉटपाशी ब्रिजची वायर सोडवली, पिकअप काढला, झाकण उघडलं. आत काळ्या चिकटपट्टीखाली, अगदी मडगांवकार म्हणाले तसं, स्क्रूच्या बाजूच्या कॉइलचा सांधा हिरवागार. सरांनी चिमट्याने पट्टी उचलली आणि तारेचं टोक पट्टीबरोबरच वर आलं. दुसरी कॉइल ३.२ किलो दाखवते. ही काहीच दाखवत नाही, रोध अनंत, म्हणजे तुटलेली.

सरांनी भिंगाखाली बाहेरचं टोक शोधलं आणि तिथे मीटर लावला. तरीही तुटलेलीच. म्हणजे आतलं टोक, जिथून वाइंडिंग सुरू होतं, तेही गेलं असणार. ते बॉबिनच्या तळाशी असतं आणि वरचे हजारो वेढे उलगडल्याशिवाय हाती लागत नाही, असं सर म्हणाले. मग पुढे काही केलं नाही. सगळे तुकडे प्लॅस्टिकच्या डबीत, सिलिका जेलसकट.

मडगांवकार

खारी हवा. सांगितलेलं.

मिशिगनकर

वाईट वाटलं, पण ही काही शेवटची पायरी नाही. एक कॉइल शाबूत आहे, बॉबिन, मॅग्नेट, झाकण सगळं मूळचं आहे. हा पिकअप नव्याने वाइंड होईल. मी डिसेंबरमध्ये पुण्याला येतोय, परतताना घेऊन जाईन, इथे जुने पिकअप वाइंड करणारे भरवशाचे लोक आहेत. फक्त तुटलेलीच कॉइल करून घेऊ, दुसरीला हात नको. पूर्ण गिटार पाठवायचा विचार मात्र करू नका. कस्टम्स, विमानातली आदळआपट, आणि मान तुटण्यासाठी लेस पॉल तशीही प्रसिद्ध आहे.

तोवर गिटार मुकी ठेवायची नसेल तर ब्रिजला नवा मिनी हंबकर घ्या. घेताना दोन गोष्टी बघा, कारण "मिनी हंबकर" नावाखाली काहीही विकतात. एक, वर सहा स्क्रूंची रांग दिसायला हवी. वर काहीच न दिसणारा गुळगुळीत झाकणाचा असतो तो गिब्सनच्याच फायरबर्ड गिटारचा, माप तेच, पण त्यात मॅग्नेट कॉइलींच्या आत असतात आणि आवाज बराच वेगळा, जास्त चमकदार. दोन, माप. झाकण साधारण ६७ बाय २९ मिलिमीटर हवं. फेंडरच्या स्ट्रॅट गिटारच्या खाचेत बसणारे अरुंद हंबकरही याच नावाने मिळतात, ते तुमच्या चौकटीत गडगडतील.

डेसिबल_डोंबिवली

गरम वाइंडिंगचा घ्या ना मग निदान! ब्रिजला जोर हवाच. नऊ-दहा किलोवाला.

जुना_ट्रान्झिस्टर

किलो ओहम म्हणजे जोर नव्हे. बारीक तार लावली तर तेवढ्याच वेढ्यांत रोध वाढतो, आवाज वाढत नाही. आणि नेकला ६.४ चा मंद, मोकळा पिकअप असताना ब्रिजला फार जास्त वेढ्यांचा लावला तर स्विच मध्यावर ठेवल्यावर ब्रिजच सगळं खाऊन टाकेल. मिनी हंबकरची मधली जागा हीच तर त्याची खरी मजा. ब्रिजचा थोडा जोरकस असावा, कारण तिथे तार कमी हलते. थोडाच. उरलेलं पिकअपची उंची स्क्रूने वरखाली करून साधतं, त्याला पैसे पडत नाहीत.

कोपरी_पूल

ठरलं. पी-९० चा प्रयोग केला, मैत्रिणीची गिटार आणली होती. पंखा दोनवर, आणि पंख्याने माझ्याबरोबर अख्खं गाणं म्हटलं. पी-९० बाद.

ब्रिजला लॉलरचा मिनी हंबकर मागवतेय, साध्या ताकदीचा. मूळचा मिशिगनकरांबरोबर जाईल. मामाला सांगितलं, तर म्हणाला "बरं, मग एखादं पेडल तरी घे मोठ्या आवाजाचं." त्याचीही सोय करते.

पॉटचं काय करू? लॅमिंग्टन रोडवर ४७० किलोचे मिळतात म्हणे. आणि मूळचे काढायला जिवावर येतंय.

मिशिगनकर

मूळची पत्र्याची डबी पॉट-बिट सगळ्यासकट एकसंध बाहेर काढा, पिकअपच्या, स्विचच्या आणि जॅकच्या तारा सोडून एकही सांधा वितळवू नका, आणि नावगाव लिहून डब्यात ठेवा. नवी वायरिंग वेगळी बनवा. ज्या दिवशी मूळ रूपात हवी असेल त्या दिवशी तासाभराचं काम.

जुना_ट्रान्झिस्टर

४७० चालतील, ५०० आणि ४७० मध्ये कानाला फरक नाही. पण तीन गोष्टी बघून घ्या. पॉट 'ए' मार्कचा, म्हणजे ऑडिओ टेपर हवा. 'बी' घेतलात तर आवाज कमी-जास्त होणं सगळं शून्याजवळच्या टोकात एकवटेल. लेस पॉलच्या बॉडीचं लाकूड जाड असतं, आणि पत्र्याची डबी नसेल तर साध्या पॉटचा आटा वर पोचत नाही, म्हणून लांब आट्याचा मागा. आणि तुमचे जुने नॉब नव्या पॉटवर चढवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. अमेरिकन सीटीएसच्या दांड्यावर बारीक २४ दाते असतात, इथे मिळणाऱ्या बहुतेक पॉटवर १८. जबरदस्तीने दाबलात तर जुना नॉब चिरेल, आणि तो मात्र खरोखरच मिळत नाही.

अर्धा_कप_चहा

रच्याकने, नव्या पिकअपला मेणात बुडवायचं असतं ना? यूट्यूबवर एक जण गॅसवर मेणबत्त्या वितळवून बुडवत होता.

जुना_ट्रान्झिस्टर

नव्याला गरज पडली तर बनवणारे बुडवूनच देतात. जुना बाहेरून वाइंड होऊन आला आणि मोठ्या आवाजात किंचाळला, तर तेव्हा बघू. आणि बघू तेव्हाही गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या भांड्यात, ६५ अंशांच्या आत, थर्मामीटर लावून. गॅसवर थेट मेण म्हणजे एकाच वेळी बॉबिन वाकवण्याची आणि स्वयंपाकघर पेटवण्याची सोय.

कोपरी_पूल

एक शेवटचा प्रश्न. कुठेतरी वाचलं की दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावले की मधल्या जागेवर आवाज नाकात येतो. तसं झालं तर?

जुना_ट्रान्झिस्टर

फेज उलटी असली, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांना खोडत असले, तर होतं. बसवण्याआधीच तपासा. जुना काट्याचा मीटर असेल तर उत्तम, डिजिटल असला तर सर्वांत लहान व्होल्टच्या रेंजवर ठेवा. नेकच्या पिकअपची मधली वायर लाल टोकाला, जाळी (वायरीभोवतीचं धातूचं विणलेलं वेष्टण) काळ्या टोकाला. स्क्रू-ड्रायव्हर पिकअपच्या स्क्रूंवर टेकवा आणि झटकन उचला. काटा कोणत्या बाजूला उडी मारतो ते लिहून ठेवा. मग नव्या पिकअपवर अगदी तसंच करा. दोन्हीकडे काटा एकाच बाजूला गेला तर डोळे मिटून बसवा. विरुद्ध गेला, तर मागवताना दोन स्वतंत्र वायरी आणि वेगळी जाळी मागितलेली असेल तर नुसत्या वायरी उलट्या जोडल्या की झालं. जाळीचीच एक वायर असेल तर मग झाकण उघडून मॅग्नेट पालटावा लागतो. म्हणून ऑर्डर अजून गेली नसेल तर आजच तेवढं लिहून कळवा.

कोपरी_पूल

ऑर्डर काल रात्री गेली आहे. आत्ताच ईमेल करते.